घरच्या थ्रीडी प्रिंटरवर नजर ठेवणारा स्वस्त कॅमेरा: ईएसपी३२-कॅम बसवण्याची सविस्तर पद्धत

थ्रीडी प्रिंटरवर सहा-सात तासांचे काम लावले, की पहिला अर्धा तास आपण जागेवरून हलत नाही आणि उरलेला वेळ दर वीस मिनिटांनी जिना चढत-उतरत राहतो. माझा प्रिंटर माडीवरच्या खोलीत आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात असल्याने शेजारच्या यंत्रमागांची खटखट दिवसभर चालू असते आणि त्या आवाजात प्रिंटरचा सूर बदलला तरी खाली काही कळत नाही. शेजारच्या कारखानदार काकांना कांड्या ठेवण्यासाठी खणांचा एक ट्रे हवा होता. तो छापायला लावून मी खाली आलो आणि चौथ्या तासाला वर गेलो, तेव्हा ट्रे बेडवरून, म्हणजे प्रिंटरच्या तळपाटावरून, सुटून नोझलबरोबर फिरत होता आणि बेडभर सोऱ्यातून पडलेल्या कुरडईसारखा पांढऱ्या प्लास्टिकचा गुंता झाला होता. नोझल अजूनही २०५ अंशांवर तापलेले होते आणि नवे प्लास्टिक ओतत होते.

त्यानंतर मी हजार रुपयांच्या आत बसणारा ईएसपी३२-कॅम हा छोटा बोर्ड लावला. हा बोर्ड स्वस्त आहे म्हणून अनेक जण तो घेतात आणि चित्र अडकते, बोर्ड मध्येच बंद पडतो, असे म्हणून खणात टाकून देतात. माझ्या अनुभवात त्यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ बोर्डात नसून त्याला मिळणाऱ्या विजेत, उजेडात आणि तो बसवण्याच्या जागेत असते. म्हणून या लेखात प्रोग्रामपेक्षा या तीन गोष्टींवर मी अधिक वेळ घालवणार आहे.

काय घ्यावे

एआय-थिंकर धाटणीचा ईएसपी३२-कॅम बोर्ड सर्वांत सहज मिळतो. त्यावर ईएसपी३२ मायक्रोकंट्रोलर, वायफाय, ४ एमबी जादा मेमरी, मायक्रोएसडी कार्डाची जागा आणि २ मेगापिक्सेलचा ओव्ही२६४० कॅमेरा असतो. मूळ बोर्डाला यूएसबीचे तोंड नसते, त्यामुळे प्रोग्राम भरण्यासाठी त्याच्या खाली बसणारा एमबी नावाचा तळबोर्ड सोबतच घ्यावा. त्यावर सीएच३४० ही यूएसबी चिप आणि मायक्रो-यूएसबीचे तोंड असते आणि तारा जोडण्याची दगदग पूर्ण वाचते.

घेताना कॅमेऱ्याच्या सेन्सरचे नाव विचारून घ्यावे. काही संचांमध्ये ओव्ही२६४० ऐवजी जीसी२१४५ हा सेन्सर येतो आणि तो स्वतः जेपेग चित्र तयार करत नाही. खाली सांगितलेला तयार प्रोग्राम कॅमेऱ्याकडून जेपेगचीच अपेक्षा करतो, त्यामुळे अशा संचावर तो सरळ चालत नाही आणि दोष कशात आहे हे नवख्या माणसाच्या लवकर लक्षात येत नाही.

याखेरीज ५ व्होल्ट २ अँपिअरचा चांगला मोबाइल अडॅप्टर, आखूड व जाड तारेची डेटा केबल, वीज क्षणभर साठवून ठेवणारा ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा १० व्होल्टचा एक कपॅसिटर आणि यूएसबीवर चालणारी एलईडी पट्टी एवढे सामान पुरते.

आधी वीज नीट करावी

या बोर्डाच्या माहितीपत्रकानुसार फ्लॅश बंद असताना तो ५ व्होल्टवर सुमारे १८० मिलिअँपिअर आणि फ्लॅश पूर्ण उजेडात असताना सुमारे ३१० मिलिअँपिअर वीज घेतो. हे आकडे वाचून कोणताही जुना चार्जर चालेल असे वाटते. मात्र वायफायवरून चित्र पाठवताना बोर्ड क्षणभर याहून बराच जास्त प्रवाह ओढतो आणि नेमक्या त्या क्षणी केबल कमी पडते.

बाजारात मिळणाऱ्या साध्या चार्जिंग केबलमधली तार बहुधा २८ गेजची असते आणि तिचा रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम भरतो. केबल ३ मीटरची असेल तर वीज जाण्याची आणि परत येण्याची मिळून ६ मीटर तार होते, म्हणजे सुमारे १.२८ ओहम. क्षणभर ०.४ अँपिअर प्रवाह वाहिला तरी अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो आणि बोर्डापर्यंत ४.५ व्होल्ट पोहोचतात. बोर्डावरच्या एएमएस१११७ या व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला ३.३ व्होल्ट देण्यासाठी त्याहून सुमारे १.१ ते १.३ व्होल्ट अधिक लागतात, म्हणजे आपण अगदी काठावर येऊन उभे राहतो. अडॅप्टर थोडा कमकुवत असला की ईएसपी३२ मधली ब्राउनआउट (व्होल्टेज कमी पडल्याचे ओळखणारी) संरक्षण-यंत्रणा बोर्ड पुन्हा सुरू करते, चित्र गोठते आणि आपण उगाच वायफायला बोल लावतो.

इंटरनेटवर यावर एक उपाय सुचवलेला दिसतो, तो म्हणजे प्रोग्राममध्ये ही संरक्षण-यंत्रणाच बंद करणे. तसे करू नये. त्याने सूचना तेवढी बंद होते. वीज कमीच राहते आणि बोर्ड विचित्र वागू लागतो. त्याऐवजी केबल एक मीटरच्या आतली घ्यावी आणि बोर्डाच्या ५ व्होल्ट व जीएनडी (ग्राउंड) या दोन पिनांवर कपॅसिटर डाग देऊन बसवावा. कपॅसिटरचा लांब पाय ५ व्होल्टकडे आणि अंगावर पट्टा असलेली बाजू जीएनडीकडे जाईल याची डाग देण्यापूर्वी दोनदा खात्री करावी, कारण उलटा बसवलेला कपॅसिटर फुटतो.

प्रिंटरच्या २४ व्होल्ट पुरवठ्यातूनच कन्व्हर्टर लावून ५ व्होल्ट काढण्याचा मोह अनेकांना होतो. मी तो टाळला. प्रिंटरची वीज तोडल्यावर तो खरोखर थांबला का, हे पाहण्यासाठीच कॅमेरा लावलेला असतो. त्याच विजेवर कॅमेराही गेला तर नेमक्या वेळी डोळे मिटतात.

प्रोग्राम भरणे

प्रथम कॅमेऱ्याची पट्टी बोर्डाच्या कनेक्टरमध्ये बसवावी. कनेक्टरची काळी फळी नखाने हळूच उभी करावी, पट्टी सरळ आत सरकवावी आणि फळी पुन्हा आडवी दाबावी. पट्टी केसभर जरी तिरकी राहिली तरी पुढे कॅमेरा सुरू न झाल्याची चूक दिसते, आणि ती चूक दिसली की प्रोग्राम तपासण्याआधी ही पट्टी तपासावी.

संगणकावर आर्डुइनो आयडीई उघडून बोर्ड्स मॅनेजरमध्ये ईएसपी३२ शोधावे आणि एस्प्रेसिफ कंपनीचे पॅकेज बसवावे. यादीत ते दिसले नाही तर एस्प्रेसिफच्या कागदपत्रांत दिलेला पत्ता प्रेफरन्सेसमध्ये टाकावा लागतो. त्यानंतर बोर्डांच्या यादीतून एआय थिंकर ईएसपी३२-कॅम निवडावा आणि उदाहरणांमधल्या ईएसपी३२ व कॅमेरा या विभागातून कॅमेरा-वेब-सर्व्हर हे उदाहरण उघडावे.

त्यात दोन बदल करायचे असतात. कॅमेऱ्याच्या मॉडेलांची एक यादी दिलेली असते. तीत आधी चालू असलेल्या ओळीपुढे दोन तिरक्या रेघा घालून ती बंद करावी आणि एआय-थिंकरच्या ओळीपुढच्या तिरक्या रेघा काढाव्यात. उदाहरणाच्या आवृत्तीनुसार ही यादी मुख्य फाइलमध्ये किंवा बोर्ड-कॉन्फिग नावाच्या शेजारच्या टॅबमध्ये सापडते. दुसरा बदल म्हणजे वायफायचे नाव आणि पासवर्ड अवतरणचिन्हांच्या आत लिहिणे. ईएसपी३२ला केवळ २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय दिसते. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचे वेगळे नाव असेल तर ते येथे चालणार नाही.

तळबोर्डावर कॅमेरा बसवून, यूएसबी जोडून अपलोडचे बटण दाबावे. बोर्ड प्रतिसाद देत नसेल तर तळबोर्डावरचे आयओ० बटण दाबून धरावे, रीसेट एकदा दाबून सोडावे आणि मग आयओ० सोडावे. तळबोर्ड नसलेल्यांनी यूएसबी-सिरीयल अडॅप्टरचा टीएक्स बोर्डाच्या यू०आर पिनेला, आरएक्स यू०टी पिनेला आणि बोर्डाची आयओ० पिन जीएनडीला जोडून हेच काम करावे, आणि अपलोड झाल्यावर आयओ० व जीएनडीमधली तार आठवणीने काढावी. ती राहिली तर बोर्ड नवा प्रोग्राम मिळण्याची वाट पाहत बसतो आणि भरलेला प्रोग्राम चालवतच नाही.

अपलोडनंतर सिरीयल मॉनिटर ११५२०० या वेगावर उघडून रीसेट दाबले की बोर्डाला राउटरने दिलेला पत्ता दिसतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की नियंत्रणांचे पान उघडते आणि तेथे स्ट्रीम सुरू केला की चित्र दिसू लागते.

येथे थांबून एक काम लगेच करून टाकावे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन या बोर्डासाठी तोच पत्ता कायमचा राखून ठेवावा. आपल्याकडे वीज जाते आणि येते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि पत्ते नव्याने वाटले जातात. कालपर्यंत दिसणारा कॅमेरा आज दिसत नाही, याचे हे सर्वांत साधे कारण असते.

चित्र किती मोठे असावे

कॅमेरा १६०० बाय १२०० पर्यंतचे चित्र देतो, पण प्रिंटरसाठी त्याची गरज नाही. मी ८०० बाय ६०० ठेवतो आणि जेपेगच्या दर्जाचा आकडा १२ ठेवतो. हा आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी, हे उलटे गणित ध्यानात ठेवावे. एक थर पूर्ण व्हायला अनेकदा पाऊण-एक मिनिट लागते, त्यामुळे चित्र सेकंदाला पाच वेळा बदलले तरी देखरेखीसाठी ते भरपूर आहे.

पानावर बदललेल्या या सेटिंग बोर्ड बंद झाल्यावर पुसल्या जातात. चित्राचा आकार आणि ते उलटे-सुलटे करणे या दोन गोष्टी तरी प्रोग्रामच्या सेटअप भागातच लिहून टाकाव्यात. त्याच वेळी लूप भागात वायफाय मिनिटभर तुटलेले राहिले तर बोर्डाने स्वतःला पुन्हा सुरू करावे अशी चार ओळींची तपासणी घालावी. मूळ उदाहरणात ती नाही आणि तिच्यामुळे माझ्या जिन्याच्या फेऱ्या खऱ्या अर्थाने कमी झाल्या.

जागा, फोकस आणि उजेड

बेड पुढे-मागे सरकणाऱ्या प्रिंटरमध्ये कॅमेरा प्रिंटरच्या सांगाड्यावर लावू नये, कारण त्याच्या कंपनाने चित्र सतत थरथरते. टेबलाला किंवा भिंतीला चिकटवलेला स्वतंत्र हात बरा. पुढच्या एका कोपऱ्यातून, बेडच्या पातळीपेक्षा हातभर वर आणि थोडे खाली वळलेले असे त्याचे तोंड ठेवावे. अगदी वरून पाहिले तर थर बेडवरून उचलला गेल्याचे कळत नाही, आणि अगदी समपातळीवरून पाहिले तर मागचा भाग झाकला जातो. या कॅमेऱ्याची नेहमीची भिंग साधारण ६५ अंशांचे क्षेत्र पाहते. ३० सेंटिमीटरवरून सुमारे तेवढ्याच रुंदीचे दृश्य मिळते आणि २२ सेंटिमीटरचा बेड त्यात सहज मावतो.

मात्र ही भिंग लांबच्या दृश्यासाठी जुळवून चिकटवलेली असते, त्यामुळे इतक्या जवळून चित्र पुसट येते. तिच्या कडेला डिंकाचा एक बारीक ठिपका दिसतो. ब्लेडच्या टोकाने तो अलगद खरवडावा. मग बेडवर वर्तमानपत्राचे पान पसरावे, मोबाइलवर स्ट्रीम चालू ठेवावा आणि सेन्सरचा चौकोन एका हाताच्या बोटांत घट्ट धरून दुसऱ्या हाताने भिंग घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडी, आठव्या हिश्श्याच्या फेऱ्याने, फिरवत जावी. आधी मथळा वाचता येतो, नंतर उपमथळा, आणि एका क्षणी बातमीतल्या अक्षरांवरच्या शिरोरेषा वेगळ्या दिसू लागतात. तेथे थांबावे. सेन्सर न धरता भिंग फिरवली तर त्याची पट्टी पिळली जाऊन तुटते, म्हणून ही घाई करू नये.

उजेडाच्या बाबतीत बोर्डावरच्या पांढऱ्या फ्लॅशवर विसंबू नये. तो समोरून पडत असल्याने थरांच्या कडा सपाट दिसतात, आणि तासन्‌तास लावून ठेवला तर तो स्वतः तापून बोर्डालाही तापवतो. घरातल्या एलईडी बल्बांचाही एक त्रास आहे. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे हलक्या प्रतीचे बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; डोळ्यांना ते जाणवत नाही, पण हा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपत असल्यामुळे त्यावर आडवे काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसतात. ५ व्होल्ट डीसीवर चालणारी एलईडी पट्टी हा त्यावरचा सोपा उपाय आहे. ती बेडच्या एका बाजूला, जवळजवळ बेडच्या पातळीवर लावावी. तिरक्या उजेडात प्रत्येक थराची कड आपली बारीक सावली टाकते आणि कोपरा अर्धा मिलिमीटर जरी उचलला तरी तेथली सावली जाड झालेली दिसते. पांढरे फिलामेंट, म्हणजे प्रिंटरची प्लास्टिकची तार, वापरताना चित्र पांढरेफटक येत असेल, तर नियंत्रणांच्या पानावर एई लेव्हल (चित्राच्या उजळपणाची पातळी) एक-दोन घरांनी खाली आणावी.

पुढे या सावलीनेच मला ट्रे सुटण्याचे कारण दाखवले. दुसऱ्यांदा तोच ट्रे छापताना दर मिनिटाला एक चित्र साठवले होते. सगळी चित्रे एकामागून एक पाहिल्यावर दिसले, की दर वेळी आधी उचलला जाणारा कोपरा खिडकीतल्या कूलरच्या तोंडासमोरचा होता. कूलरचा झोत तो कोपरा इतर भागांपेक्षा लवकर थंड करत होता. कूलरची दिशा बदलल्यावर ट्रे पूर्ण निघाला, काकांनी तो नेला आणि त्यांनी आणखी चार सांगितले. शिवाय कूलरची ओल फिलामेंटलाही सोसत नाही, त्यामुळे रीळ आता बंद डब्यात असते.

सोलापूरचा उन्हाळा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या किंवा स्लॅबखालच्या माडीवरची खोली दुपारी त्याहून अधिक तापते. ओव्ही२६४० या सेन्सरचे चित्र ५० अंशांपर्यंत स्थिर राहते असे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. बोर्ड स्वतः चालताना गरम होतो, शेजारी ६० अंशांचा बेड असतो आणि खोली ४२ अंशांवर असते; म्हणजे ही मर्यादा मे महिन्यात कधीच मागे पडलेली असते. त्यावेळी अंधाऱ्या भागात जांभळट-हिरवे ठिपके दिसू लागतात आणि रंग फिके पडतात.

म्हणून बोर्ड प्रिंटरच्या बंदिस्त पेटीत कधीही ठेवू नये. पेटी असेल तर तिच्या पारदर्शक दाराबाहेरून पाहावे. बोर्डाचे घर छापायचे झाल्यास ते पीएलए या प्लास्टिकमध्ये न छापता पीईटीजी या प्लास्टिकमध्ये छापावे, कारण पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि कॅमेऱ्याचे तोंड हळूहळू खाली झुकते. बोर्डाच्या या घराच्या मागच्या बाजूला हवा खेळेल अशा फटी ठेवाव्यात. आमच्या भागात मात्र त्याच फटींतून सुताचे तंतू आत येऊन भिंगेवरही बसतात, तेव्हा आठवड्यातून एकदा मऊ कोरड्या ब्रशने भिंग झाडावी.

ऑक्टोप्रिंटला जोडणे

ज्यांच्याकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर ऑक्टोप्रिंट हा प्रिंटर चालवणारा प्रोग्राम आहे, त्यांनी त्याच्या वेबकॅम सेटिंगमध्ये दोन पत्ते द्यावेत. चालत्या चित्रासाठी बोर्डाच्या पत्त्यापुढे विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, ८१ हा पोर्ट आणि तिरक्या रेघेनंतर स्ट्रीम हा शब्द. एकट्या चित्रासाठी बोर्डाचा पत्ता आणि तिरक्या रेघेनंतर कॅप्चर हा शब्द. दोन्ही शब्द इंग्रजी लहान अक्षरांत टाकायचे. या बोर्डावर चालते चित्र एका वेळी एकालाच दिसते. लॅपटॉपवर पान उघडे राहिले असेल तर मोबाइलवर चित्र येणार नाही, आणि तो बिघाड नव्हे.

बाहेरून पाहताना

नवी पेठेत कामाला गेले असताना घरचा प्रिंटर मोबाइलवर दिसावा, ही इच्छा साहजिक आहे. त्यासाठी राउटरवर पोर्ट उघडून देऊ नये. या तयार प्रोग्रामला पासवर्ड नाही आणि त्याचे चित्र कूटबद्धही नसते. पोर्ट उघडला की पत्ता सापडेल त्या कोणालाही आपल्या घरातली खोली दिसेल. घरात सतत चालू असलेल्या रास्पबेरी पायवर टेलस्केल किंवा वायरगार्ड हे खासगी जोडणीचे (व्हीपीएन) साधन बसवून त्यातून आपल्या मोबाइलपुरती वाट करावी. ते जमत नसेल तर घराच्या वायफायपुरतेच पाहावे.

चित्र दिसले म्हणजे आग लागणार नाही असे नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तापमान हाताबाहेर गेले तर हीटर बंद करण्याचे काम प्रिंटरच्या फर्मवेअरमधल्या संरक्षणाचे असते आणि काही जुन्या स्वस्त प्रिंटरांत ते बंदच ठेवलेले आढळले आहे. आपल्या प्रिंटरमध्ये ते चालू आहे याची खात्री करून घ्यावी. त्याखेरीज प्रिंटरचा प्लग पुरेशा क्षमतेच्या स्मार्ट प्लगमधून घ्यावा, म्हणजे गुंता दिसताच दुरूनही वीज तोडता येते. साधी चूक असेल तर आधी ऑक्टोप्रिंटवरून काम रद्द करावे आणि नोझल निवल्यावर वीज बंद करावी. गरम नोझलचा पंखा अचानक थांबला तर आतले फिलामेंट वर मऊ होऊन अडकते. धूर दिसला तर मात्र क्षणाचाही विचार न करता वीज तोडावी. घरात कोणीच नसताना लांबचे काम लावणे मी आजही टाळतो.

सर्व जोडणी झाल्यावर एक चाचणी घ्यावी. प्रिंटर रिकामा असताना घराचा मुख्य स्विच बंद करावा, पाच मिनिटे थांबावे आणि पुन्हा लावावा. राउटर इन्व्हर्टरवर असेल तर त्याचीही वीज एकदा काढून लावावी. मग कशालाही हात न लावता खालीच बसून मोबाइलवर कॅमेऱ्याचा पत्ता उघडावा. राउटर सुरू झाल्यानंतर दोन-तीन मिनिटांत चित्र आपोआप आले, सुलटे आले आणि जुन्याच पत्त्यावर आले, तर जोडणी पक्की झाली. चित्र आले नाही तर आधी राखून ठेवलेला पत्ता, मग वायफायची तपासणी करणाऱ्या त्या चार ओळी आणि शेवटी अडॅप्टर व केबल या क्रमाने पाहत जावे.